जड

पहिल्या भागात ओमोई गुडघ्यावर बसलेला असतो.
सातव्या भागातही.

धायरीत, माझ्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये
(टीव्ही मोठा म्हणून सगळे माझ्याकडे,
नुसत्या माझ्यासाठी कोण आलं असतं, शंकाच आहे)
दाबेलीचा कागद उलगडत तन्वीर म्हणतो,
"अरे, नव्वद मीटरचा यंत्रमानव,
आणि करतोय काय? तर बसलाय.
बसायला आमचे चुलते आहेत की,
नाना पेठेत, दुकानाच्या पायरीवर. फुकट."

शत्रू येतोय, नाही असं नाही.
पण तोही चालतच येतोय.
क्षितिजावर तिळाएवढा होता, आता मुगाएवढा.
या हिशोबाने नारळ व्हायला दिवाळी उजाडेल.

रेवण भोसरीहून येतो, फोर्जिंग शॉपमधून,
साबणाने न गेलेलं ग्रीस नखांत घेऊन.
एरवी कुणाची बाजू घेत नाही. ओमोईची घेतो.
"हजार टनांचा प्रेस आहे आमच्याकडे.
तेल गरम झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नसतो.
एका नव्या पोराने लावला. सील फुटलं.
तीन दिवस लाइन बंद."
एवढं बोलून तो झोपतो.
प्रत्येक भागात, नवव्या मिनिटाला.
तन्वीर बोट दाखवतो : हा बघा यांचा चाहता.

शर्वाणी सबटायटल बंद करायला लावते.
जपानीच्या चौथ्या परीक्षेत दोनदा आपटून
तिसऱ्यांदा पास झालेली, तिला अधिकार आहे.
"ओमोई म्हणजे जड," ती सांगते,
"आणि मनात असतं ते, तेही ओमोईच.
लिहायला वेगळं. कानाला एक."
रेवण डोळे न उघडता म्हणतो,
"आपल्यात लिहायलाही एकच.
पोतं जड, आणि जड जातंय, ते पण."

आठव्या भागात कळलं, तो उठत का नाही.
डाव्या खांद्याच्या सांध्यात पक्षिणीने अंडी घातलीत.
त्याची चालक, पंचावन्न वर्षांची बाई,
आधी पाणीपुरवठा खात्यात होती,
रोज शिडी चढते, डोकावते, उतरते.
अख्खी शिडी. वर. मग खाली.
तन्वीर ते दीडपट वेगाने लावायला गेला,
शर्वाणीने रिमोट काढून घेतला.
तेव्हा तो खरंच चिडला.
"आणि शहर चिरडलं तर?
तिथे माणसं राहतात ना? चार अंड्यांसाठी?"

दाबेल्या गार झाल्या.
प्रश्न बरोबर होता.
इतके दिवस आम्ही त्याला नुसती घाई समजत होतो.

मला काय वाटतं, कोणी विचारलं नाही.
मला शिडी आवडली.
सोमवारी सिंहगड रोडला अडकलो होतो,
वर क्रेनला एक गर्डर लटकलेला,
उतरतोय की नुसताच आहे, कळेना.
मागचा हॉर्न मारत होता.
मी हेल्मेटची काच वर करून बघत राहिलो.

बाराव्या भागात तो उठला.
सबंध भागभर उठत होता.
आधी बोटं. मग गुडघ्याखालून माती सुटली,
तिच्यात गवत रुजलेलं, तेही उचललं गेलं.
पिल्लं केव्हाच उडून गेलेली,
तरी डावा खांदा त्याने तिरकाच धरला होता.
नववं मिनिट गेलं, विसावं गेलं,
रेवण जागा.

शेवटची चार मिनिटं उरली असताना
पडदा थांबला. रिमोट तन्वीरच्या हातात.
"राहू दे एवढं," तो म्हणाला.
"शर्वाणी आल्यावर बघू."

बुधवारी तिचं विमान. नागोया. तीन वर्षं.
"दीडपटीने दोन," रेवण म्हणाला.

हसायला आम्हाला जरा वेळ लागला.
मग ती "येते" म्हणाली,
आणि दारात आपापल्या चपला शोधायला
तिघांना फारच.