वाढत्या अंगाचं

मार्चअखेरीस मिनामो आली माप द्यायला.
एकटीच.
दुकानात खुर्च्या अजून नऊ आहेत.
एकेकाळी त्याही पुरायच्या नाहीत,
पोरं बंदराच्या भिंतीवर बसून राहायची
आणि मी दारातून नावं पुकारायचो.

छाती बाहत्तर. बाही पन्नास.
खांदे आईवर गेलेत,
डावा किंचित उतरता.
"आजोबा," हात पसरून उभ्या उभ्या तिने विचारलं,
"मी नक्की कुणासारखं दिसायचंय?"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बरं.

बेटावरच्या शाळेत यंदा विद्यार्थी एक.
तरी इवानागा सरांनी नियम वाचून दाखवले,
फळ्यासमोर उभं राहून, घसा साफ करून:
स्कर्ट गुडघ्याखाली, मोजे पांढरे,
सर्वांचे सारखे असावेत.
तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं,
म्हणाली, "आहेत."

चव्वेचाळीस वर्षं मी एकच रंग शिवतोय,
निळा, पण दिवा लावल्याशिवाय काळाच.
त्याच्या बाजूने बोलायला सांगाल तर बोलेन.
हामासाकीच्या घरच्या चार बोटी,
उराताचा बाप दुसऱ्यांची जाळी सांधणारा,
आता वर्गाच्या फोटोत दोघांतला फरक दाखवा.
मला दिसतो. मीच शिवलाय तो:
हामासाकीच्या पँटीला आत एक बोट दुमड,
उराताच्या पँटीला चार.
दर वसंतात, दुकानाची फळी लावून झाल्यावर,
त्याची आई मागच्या दाराने यायची,
मी एक बोट उसवून द्यायचो.
जुन्या दुमडीची रेघ मात्र इस्त्रीने जात नसे.
पोटरीवर दोन रेघा म्हणजे दोन वर्षं.
पोरं मोजायची.
पोरं सगळंच मोजतात.

विरुद्धही बोलेन.
वादळाच्या वर्षी फुकुएची बोट रात्री उशिरा लागली.
तोमिए धावत गेली आणि एका पाठीला मिठी मारली,
निळ्या, भिजलेल्या.
पाठ दुसऱ्याच्याच पोराची निघाली.
तिचा पोरगा तिच्या मागे उतरून उभा होता,
बघत.
पुढे तो ओसाकाला गेला, पत्र पाठवत नाही.
त्या पाठीमुळेच, असं मी म्हणत नाही.

आणि एकदा एका मुलाने
कोटाला आतून लाल अस्तर मागितलं होतं.
आतून! कुणाला दिसणार होतं?
मी नियम दाखवला.
ते 'नाही' अजून दुकानातच कुठेतरी पडलंय,
अनवाणी चाललं की पायाला लागतं.

गणवेश म्हणतात याला.
वेश शिवेन मी.
गण कुठल्या ताग्यातून कापू?

"अस्तर कोणत्या रंगाचं लावू?"
मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.
मिनामोने बराच वेळ विचार केला.
"बाहेरून दिसणार नाही ना?"
"नाही."
"मग काय उरलंय ते लावा."

पुढच्या मार्चमध्ये शाळेला कुलूप लागेल,
सरांनी पाटी आधीच रंगवून ठेवलीय.
काल रात्री स्कर्टची कड घेतली.
हाताने आपली चार बोटं आत दुमडली,
वाढत्या अंगाचं म्हणून.
लक्षात आलं तेव्हा टीप घालून झाली होती.

राहू दिली.