खिळे

फुर्ताडो मिस दर सोमवारी वीस शब्द देतात.
स्पेलिंग, अर्थ, वाक्यात उपयोग.
मी ते कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिते
आणि मोरीच्या दाराला चिकटवते,
दात घासताना तेवढेच पाठ.

बाबा दाढी करता करता थांबतात.
ठाकुरद्वारच्या छापखान्यात सव्वीस वर्षं
खिळे जुळवले त्यांनी,
इंग्रजीसुद्धा, उलट्या अक्षरांत,
अर्थाच्या भानगडीत न पडता.

"युबिक्विटस," मी म्हणते, "म्हणजे जिकडेतिकडे असणारा."
"असेल. पण त्यातला क्यू
खणात कधी पुरला नाही.
समोरच्या प्रेसमधून उसना आणायचो,
रुमालात बांधून."

छापखान्याच्या जागी आता जिम आहे.
बाबा झेरॉक्सच्या दुकानात बसतात.

पुढचा शब्द: ऑब्सोलीट.
अर्थ मला येत होता.
त्यांनी विचारला नाही.
साबणाचं बोट कागदावर फिरवलं
शेवटाकडून सुरुवातीकडे,
मधेच अडले.
"एसच्या पुढे ओ लागतो गं,
तू ई बसवलायस.
असा फर्मा गेला असता
तर मालकांनी पगार कापला असता."

मी ई खोडला, ओ केला.
वाक्यात उपयोग कोराच ठेवला.
एक मार्क गेला.