तीन नंबर

कणकुंबीच्या चढाला गाडी पहिल्यांदा अडखळली.
मागे बावीस पोती गाजर, म्हापशाचा बाजार सहाला.
बाबा म्हणाले, डिझेलात पाणी असेल.
येताना रिकाम्या गाडीनंही तेच केलं:
धड, धड, धड, आणि मग एक खड्डा
जिथं चौथा धड असायला पाहिजे.

कडोलीत, आमच्या परड्यात, फणसाखाली लावली.
टाटा दोनशे सात. केए बावीस,
पुढचे आकडे चिखलाखाली.
बाबांचा उजवा कान गेलाय,
बत्तीस वर्षं खिडकीबाहेरचा वारा त्यात भरत राहिला.
"तू ऐक," म्हणाले, "मी सोडतो."

सतराचा पाना.
एक नंबरच्या नळीचा नट अर्धा आटा ढिला.
डिझेल थुंकलं, इंजिन लंगडलं,
मडगार्डावरची पक्कड नाचत खाली पडली.
"बदल?"
"व्हय."
आवळला. दोन नंबर.
पुन्हा लंगडलं. कोंबड्या पळाल्या.
"बदल?"
"व्हय की."
तीन नंबर.
डिझेल आलं, त्यांच्या बोटांवरून ओघळलं,
इंजिन जसं होतं तसं.
त्या नळीपलीकडं कुणी राहतच नसल्यासारखं.
मी मान हलवली.
"ज्याला गप्प केल्यावर फरक पडत न्हाई,
त्यो आधीच गप्प असतोय," म्हणाले,
आणि तरीही चौथा सोडून बघितला.
शंका नको.

कुंपणावरून मल्लव्वा: "एनात री?"
बाबांनी तीन बोटं दाखवली. "सत्त होगैती."
ती "अय्य" म्हणाली, एखाद्या ओळखीच्या माणसाबद्दल म्हणावं तसं,
आणि शेवग्याच्या चार शेंगा देऊन गेली.

मग अदलाबदल. तिसऱ्याचं नोझल दुसऱ्याला,
दुसऱ्याचं तिसऱ्याला.
रोग नोझलाबरोबर चालत गेला तर नोझल दोषी,
मागं राहिला तर घर.
मागं राहिला.

वरचं झाकण उघडलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं.
फिलर गेज काकतीच्या दस्तगीरनं नेलेलं,
मागायला गेलं की तो चहा पाजतो.
"माळ्यावरची एक पत्रिका आण," बाबा म्हणाले,
माझ्याकडं न बघता.

दोनशे उरल्यात.
एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड,
दोन्ही बाजूंनी चुकीची.
आठ वर्षांत एकेक कामाला आली:
कपाटाच्या पायाखाली, पोत्यांच्या हिशेबाला,
एकदा मांजराच्या पिल्लांचं दूध झाकायला.
आज कात्रीनं बोटभर पट्टी कापली.
'चि. सौ. कां.' एवढंच तिच्यावर आलं,
नाव दुसऱ्या तुकड्यात राहिलं.

पुली हातानं फिरवून तीनला वर आणलं.
पट्टी रॉकरखाली शिरेचना.
"बघ. फटच न्हाई. गरम झालं की वाल्व लांबतोय,
मग पुरता मिटत न्हाई,
सगळा दाब पळून जातोय."
स्क्रू जरासा मागं, अगदी जरासा.
पट्टी आत गेली.
"ओढ आता."
ओढली. धरली तिनं, आणि सोडली.
"हां. धरायला पाहिजे, अडकायला नको."
मी आणखी दोनदा ओढून बघितली.
त्याची गरज नव्हती.

दिवेलागणीला सेल्फ मारला.
पांढरा धूर, खोकला, मग एकसारखं.
बाबांनी तळहात बॉनेटवर ठेवला.
"चार?"
"चार."
तरी हात तसाच ठेवून उभे राहिले,
मी खोटं सांगितलं असेन अशा बेतानं.

पट्टी शर्टाला पुसून त्यांनी आरसी बुकात ठेवली.
पुढल्या वेळंला, म्हणाले.
मी पाने गोळा केले. सतराचा सापडेना,
तो फणसाच्या मुळाशी डिझेलात पडला होता.
साडेतीनला निघायचं.
गाजरं अजून धुवायचीत.