वर्गणीची वही

मार्चपासून ग्विलिमच्या नावापुढचा रकाना कोरा.
मी पेन्सिलीने एक बारीक टिंब टाकलं,
पुढच्या महिन्यात दुसरं, आणि वही मिटली.
वेल्समधल्या या खाडीकाठच्या गावात
पत्र्याच्या कारखान्याचा हिशेब एकतीस वर्षं लिहिला मी.
तफावत कुठे आहे ते आधी बोटाला कळतं,
डोळ्याला नंतर.

ग्विलिम त्रेचाळीस वर्षांचा.
फलकावरचे आकडे तो लावतो, पाट्या खिळ्याला अडकवून.
सहा आणि नऊ यांत गल्लत होते म्हणून
नऊच्या खाली आम्ही लाल रेघ मारून दिली आहे.
आई जाऊन दोन हिवाळे झाले.
तिला पोचवायलाही तो क्लबचा पांढरा स्वेटर घालून आला होता
आणि कोणी काही म्हटलं नाही.

टिडिर आमचा विजेता. सलग पाच वर्षं चषकावर त्याचंच नाव.
त्याच्या हातून सुटलेला गोळा हिरवळीवर
आधी भलतीकडेच निघाल्यासारखा वाटतो,
मग हळूच कलतो,
आणि छोट्या पांढऱ्या जॅकच्या कुशीत जाऊन बसतो.
नवख्यांना आम्ही सांगतो, गोळ्याची एक बाजू जड असते.
कुठली, ते सोडणाऱ्याला माहीत असतं.

दर गुरुवारी टिडिर त्याला गाडीतून घरी सोडायचा.
वाटेत पोस्टाजवळच्या पैशांच्या मशीनपाशी थांबायचा.
"माझा मित्र," ग्विलिम सांगायचा, छातीवर हात ठेवून,
"आकडे तो दाबतो. मी पावती धरतो."
हे त्याने मलाही सांगितलं होतं, कप विसळताना.
मी म्हटलं, "बरं."

बरं.
या एका शब्दावर मी चार महिने काढले.

जुलैत एकदा पावसाने खेळ थांबला, सगळे व्हरांड्यात.
ग्विलिमने बूट काढले.
तळव्याच्या जागी पुठ्ठा होता, खोक्याचा,
बिस्किटांच्या कंपनीचं अर्धं नाव अजून वाचता येत होतं.
पहिला हसला टिडिर. मग दोघं-तिघं.
मग ग्विलिमसुद्धा, कारण सगळे हसत होते.

नेरिस हसली नाही.
नोटीसबोर्डावर तिचा फोटो असतो,
खाली लिहिलेलं, 'काळजी वाटली तर हिच्याशी बोला',
आणि त्या फोटोवरच आम्ही
सामन्यांचं वेळापत्रक टाचत आलो होतो.

तिने मला नाही, आधी त्याला विचारलं.
स्वयंपाकघरात, दार उघडं ठेवून,
समोर नाही, शेजारी बसून:
तुला काय हवंय?
तो बराच वेळ चमचा फिरवत राहिला.
"नवीन बूट. आणि टिडिर रागवायला नको."

मग ती माझ्याकडे आली. मी वही उघडली.
तिने टिंबं मोजली. पाच.
"तुला दिसत होतं," म्हणाली, प्रश्नचिन्ह न लावता.
मी सांगणार होतो, की माणूस कामाचा आहे,
छपराची गळती त्यानेच काढून दिली,
पुराव्याशिवाय कसं बोलायचं, गाव लहान आहे...
सगळं तोंडापर्यंत आलं आणि तिथेच आंबलं.
फॉर्म दोन पानांचा. तारखा मी लिहिल्या,
वेळा मी लिहिल्या, शेवटी सही.
अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. त्याचीच लाज वाटली.

टिडिर आता येत नाही.
काउन्सिलची बाई येते, पोलीस एकदा येऊन गेले.
अर्धे लोक माझ्याशी चहापुरतं बोलतात.
चषकावरचं नाव खरवडायचं की ठेवायचं
यावर सभा झाली. सभेत काही ठरलं नाही.

ग्विलिमचे बूट नवे आहेत, तपकिरी, जरा मोठे.
पहिल्या गुरुवारी खेळ संपल्यावर
तो फाटकाशी उभा राहिला, पाठीला पिशवी,
नजर रस्त्याच्या वळणावर.
मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला,
"मला घरी कोण सोडणार?"
दोन पानांच्या फॉर्मवर हा रकाना नव्हता.
माझ्याही डोक्यात नव्हता.

आता आम्ही दोघं मिळून बस पाठ करतोय.
नऊ नंबरची. सहा नंबरची नाही.
थांब्याच्या खांबावर, कुणाला न विचारता,
नऊच्या खाली
मी लाल रेघ मारून ठेवली आहे.