रिकामं चालेल

फेब्रुवारी. हाप्सालूच्या खाडीवर बर्फ इतका घट्ट
की मासे धरणारे त्यावर खुर्च्या टाकून बसलेत.
संग्रहालयाच्या माडीवर तार्वो एकटा,
मोजे हीटरवर वाळत,
आणि ॲडमिनच्या पडद्यावर डावीकडे तीनच शब्द:
पान. बातमी. चित्र.

एवढ्यात कोंबली होती आजवर सगळी दुनिया.
दोनशे अकरा शाली ‘बातमी’ म्हणून नोंदलेल्या,
प्रत्येकीखाली प्रकाशनाची तारीख आणि वेळ,
जणू काल रात्री कुठेतरी घडल्या त्या.

तो नवं मॉडेल लिहितो. नाव: शाल.
नक्षी – अक्षरं, फार तर साठ.
वर्ष – पूर्णांक.
विणणारी – यादीतून निवडा, एकच, अनिवार्य.
मायग्रेशन चालवतो,
आणि खाली, कुणी कधी न पाहिलेल्या कोठीत,
आवाज न करता एक नवा कप्पा बसतो.
नोंदणीची अजून एक ओळ
की डावीकडे चौथा शब्द उगवतो: सल्लस.

सल्ल म्हणजे शाल. शेपटीचा स यंत्राचा,
त्याला वाटतं जगातली सगळी अनेकवचनं अशीच होतात.
चौदा विभक्त्यांत वाढलेला तार्वो नाकातून हसतो
आणि हाताने लिहून देतो: सल्लिद.

(त्या भाषेत लिंग नाही. शाल तिथे तोही नाही, तीही नाही.
मी मराठीत लिहितेय म्हणून ती ‘ती’ झाली,
तिला न विचारता.)

दुपारी हेल्यूबाई येतात, वय शहाऐंशी,
बूट दाराशी काढून, लोकरी मोज्यांवर, खोकं छातीशी धरून.
शाल अंगठीतून ओढून दाखवत नाहीत. ते पर्यटकांसाठी.
नुसती टेबलावर उलगडतात
आणि खिडकीतला उजेड चाळला जाऊन की-बोर्डवर सांडतो.

‘नक्षी?’
‘माईकेल्लुके. मे महिन्यातली घंटी. फूल आहे, वास येतो त्याला.’
वासाला रकाना नाही.
‘वर्ष?’
‘चोपन्न. नाही, पंचावन्न.’
‘विणणारी?’

‘इथवर साल्मे.’ त्यांचं नख एका ओळीवर टेकतं.
‘माझी आई. पुढे मी.
ती दवाखान्यातून आली नाही; सुया टोपलीतच होत्या,
एकही टाका सुटला नव्हता.’
‘आणि काठ?’
‘काठ कुणाचा, नाही माहीत. विकायला दिली होती,
परत आली तेव्हा काठ लागलेला होता. टाके माझ्यापेक्षा चांगले.’

तार्वो बघत राहतो. एकच. अनिवार्य.
सकाळी किती सोपं वाटलं होतं.

खोडतो. शाल आणि बाई यांच्यामध्ये
अजून एक कोष्टक घालतो, त्यात दोन नवे रकाने:
कुठून. कुठवर.
मग काठापाशी अडतो.
‘अज्ञात लिहू?’

हेल्यूबाई शालीतलं एक भोक करंगळीने ताणून दाखवतात.
‘हे चुकून पडलंय का?
दोन टाके एकत्र घे, दोरा वर टाक, पुढे जा.
भोकही विणावंच लागतं, पोरा.
नको लिहूस. तसंच ठेव.’

तो टाइप करतो: रिकामं चालेल – होय.
पुन्हा मायग्रेशन. पुन्हा कप्प्याची ती न ऐकू येणारी सरकणी.

यादी उघडते.
शाल ऑब्जेक्ट (१).

‘हे काय लिहिलंय?’ चष्मा पडद्याच्या काचेला टेकेल इतक्या त्या वाकतात.
‘स्वतःचं नाव कसं सांगायचं
ते मी हिला अजून शिकवलं नाही.’
‘अस्सं.’
त्या खुर्ची ओढून घेतात, शालीची घडी मात्र घालत नाहीत.
‘मग शिकव. माझी बस पाचला आहे.’

तो लिहायला लागतो: आधी नक्षी,
मग स्वल्पविराम, मग