चिठ्ठीची मुदत

सव्वाआठलाच हार्केस दाराशी.
दिवे लावायचे आहेत अजून, केटली थंड,
आणि हा गृहस्थ टोपी काढून उभा,
हातात पावाची रिकामी पिशवी, तिच्यात कागद.

"परत पाठवलं," म्हणाला.
लॉन्सेस्टनपर्यंत दीड तास गाडी हाकली,
तर फुप्फुसाच्या डॉक्टरकडची काचेमागची पोरगी म्हणे,
चिठ्ठीची मुदत संपली.
बारा महिने, वर दोन दिवस.
"दूध आहे का ते, नासायला?"

मी काय सांगणार.
एकवीस वर्षं या टेबलामागे बसून
बर्नीतल्या लोकांना हेच समजावते आहे :
विम्याचं कार्ड सोन्याचं असो की काशाचं,
ते उघडतं हॉस्पिटलातल्या खाटेचं दार.
तज्ज्ञाच्या खोलीचं दार वेगळं,
त्याची किल्ली आमच्याकडे. एक पान, खाली सही.
ती नसेल तर सगळी फी तुमच्या खिशातून.

"सोन्याचंच आहे," तो म्हणाला,
"लग्न झालं त्या वर्षापासून भरतोय.
बेरिल गेल्यावरही दोन महिने
तिचा हप्ता कापला जात होता."
तक्रार नव्हती ही.
नुसतं बोलला, टोपी उलटसुलट करत.

साडेनऊच्या आधी त्याला कसाबसा मध्ये घुसवला.
भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत राहिला
आणि डॉक्टर ओडुयांचा आवाज, मध्येच, हळू.

या चिठ्ठ्या छापते मीच. सुरुवात सगळ्यांची एक :
प्रिय डॉक्टर, श्री. लिंडन हार्केस, वय चौऱ्याहत्तर,
यांना तपासल्याबद्दल आभार.
तपासलेलं नसतं अजून,
तारीखसुद्धा मिळालेली नसते.
आभार तेवढे आगाऊ, रोख.

खाली तीन ओळींत माणूस :
कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं,
सिगरेट सुटली कधी,
जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावं लागतं.
बेरिलसाठी त्यात जागा नाही.

या खेपेला डॉक्टरांनी मुदतीपुढचे
बारा महिने खोडले
आणि पेनानं लिहिलं : बेमुदत.

हार्केसनं वाचलं, हसला,
हसण्याचा खोकला झाला,
मी पाण्याचा ग्लास धरून उभी.
"हा शब्द मी रंगवलाय," दम लागलेला तो म्हणाला,
"गिरणीच्या फाटकावर. हातभर मोठा. लाल."
"संप?"
"बेमुदत संप."
"मग? किती टिकला?"
"सात आठवडे. पोरांना बूट घ्यायचे होते."

फॅक्सचं यंत्र अजून आहे आमच्याकडे,
तज्ज्ञ लोकांना तेच पसंत.
पान सरकत आत गेलं, पलीकडे उतरलं,
पावती आली : एक पान, अठ्ठेचाळीस सेकंद.
मोकळी तारीख सप्टेंबरातली.
हा मार्च.

त्यानं प्रत मागितली, घडी घातली,
पिशवीत नाही, शर्टाच्या खिशात ठेवली
आणि वरून हात फिरवला, बटण लागलंय ना ते बघत.

दारातून परत वळला.
"त्या पोरीला फोन करशील?
काचेमागच्या. मी ओरडलो तिच्यावर."
करीन म्हटलं. नाव काय तिचं?
तो उभा राहिला आठवत, टोपी डोक्यावर, हात दारावर,
वारा आत येत होता समुद्रावरचा,
माझे कागद उडत होते.
"विचारलंच नाही," म्हणाला.