कड कापू नका

नगरपालिकेच्या वह्या, कोर्टाचे दस्त,
सीमाखटल्यासाठी दोन्ही बाजूंनी जमवलेल्या झेरॉक्सच्या थप्प्या,
सगळं मी शिवलंय शहापुरातल्या या दुकानात.
खळीला बाजू नसते.
मोरचूद घातलं की कसर लागत नाही, एवढंच.

रूथबाई आवळे रिक्षातून उतरल्या,
टॉवेलात गुंडाळलेलं बायबल उराशी,
तापातलं बाळ आणावं तसं.
"कणा गेलाय बघा याचा, माझ्यासारखाच.
बांधून द्या की."

पहिलं कोरं पान कोरं नव्हतं.
१९३१. शांतवन जन्मला. मु. बेळगाव, इलाखा मुंबई.
टाकाचं अक्षर, शाई विटून तपकिरी.
१९५८. सुधाकर. म्हैसूर राज्य.
१९८६. आमोस. कर्नाटक. हे बॉलपेननं.
आणि तळाशी, २०१६, नातसुनेच्या हातचं गोल गोल कानडी:
लेआ हुट्टिद्दु. बेळगावी.

"मधे घर बदललं का हो?"
"कुठलं! कॅम्पातली तीच खोली.
लेआ तेवढी दवाखान्यात."

पहिली ओळ याकोबाची, त्यांच्या सासऱ्यांची.
शाळेत पायरीबाहेर बसवलेला पोर,
अक्षरं लावायला शिकला ती या पुस्तकावर.
पुढं तलाठ्याची नोटीस, लढाईवरून आलेली तार,
अख्ख्या गल्लीला तोच वाचून दाखवायचा.
अक्षरं कुठल्या पुस्तकातली, हे तेव्हा
कुणीच विचारलं नाही.

रात्री जुना दोरा उसवत बसलो.
मी सोमवारी कपिलेश्वराला जाणारा माणूस,
पण हातातलं पान डोळा सोडत नाही.
'मेंढवाडा' असा एक शब्द दिसला.
चिकोडीकडं आमच्या गावी धनगर म्हणायचे.
आता गावात मेंढरं नाहीत, धनगर पोरं पुण्याला,
आणि शब्द इथं,
दुसऱ्याच कुणाच्या घरात, नीट राखलेला.

सकाळी त्या पुन्हा हजर.
कटिंग मशीनकडं बोट: "ते नको. कड कापू नका."
"बाई, तिन्ही बाजू खाऊन गेल्यात, वेडंवाकडं दिसेल."
त्यांनी स्तोत्रांतलं एक पान काढलं.
खालच्या कोपऱ्याला तेलकट, काळपट अर्धं वर्तुळ.
"हा यांचा अंगठा.
शेवटी वाचा गेली, डोळेही गेले,
तरी रात्री हेच पान काढायचे. न चुकता.
देव काय बोलायचा त्यांच्याशी, मला नाही सांगितलं."
मग जरा थांबून,
"मी आता तिथंच अंगठा ठेवते."

मशीन दिवसभर झाकून ठेवलं.
दाभण, मेणाचा दोरा, काळं कापड.
पुढं चार कोरी पानं घालायला सांगितली होती त्यांनी.
"कुठल्या भाषेत लिहिणार?"
"जो लिहील त्याच्या."

पावती फाडली. वर छापील कानडी,
खाली माझं मराठी, रुपये साडेतीनशे.
त्यांनी चष्मा न लावताच घडी केली
आणि अंगठ्याच्या पानात ठेवली.